आकाशांतून पाहिलेला माळ

बारामती किंवा इंदापूर तालुक्यांतील एखाद्या मुलास अरण्याचें चित्र काढावयास सांगितलें, तर तो उंच झाडें, लोंबत्या वेली आणि त्यांतून डोकावणारा वाघ काढील. त्याच्या स्वतःच्या गांवाच्या शिवेवर जो माळ पसरलेला आहे, तो त्या चित्रांत येणार नाहीं. माळाला अरण्य म्हणण्याची आपल्याकडे रीतच नाहीं. दप्तरांत तो पडीक, बोलण्यांत उजाड, आणि व्यवहारांत ज्याला जें नकोसें झालें असेल तें टाकण्याची जागा. वस्तुतः याच माळावर चिंकारा चरतो, लांडगा आपलीं पिलें वाढवितो, चंडोल गवताच्या बुंध्याशीं उघड्या जमिनीवर अंडीं घालतो. आणि धनगरांचीं मेंढरें पिढ्यान् पिढ्या याच गवतावर पोसलीं आहेत. बारामती तालुक्यांत सुपें येथें या माळाचा एक तुकडा सरकारनें १९९७ सालीं अभयारण्य म्हणून राखून ठेविला. मोरगांवच्या मयूरेश्वराचें नांव त्यास दिलें आहे. त्याचें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारें १,२७० एकर आहे.

भूमि राखून ठेविली असें जाहीर करणें सोपें आहे. ती खरोखरच राखली जात आहे किंवा नाहीं, हें ओळखावें कसें, हा खरा प्रश्न होय.

अरण्याचा नाश दोन प्रकारांनीं होतो. एक प्रकार तोडीचा. कुऱ्हाड चालली, झाड पडलें, जागा मोकळी झाली. हें कोणासही दिसतें. दुसरा प्रकार झिजेचा. आज एक फांदी सरपणास गेली, उद्यां एक नवी पायवाट पडली, परवां कोपऱ्यांतला मुरूम कोणी उपसून नेला, पुढच्या वर्षीं चराई थोडी वाढली. यांतील कोणत्याही एका दिवशीं अरण्य नाहींसें झालें असें म्हणतां येत नाहीं. परंतु वीस वर्षांनीं पाहावें, तों तेथें नांवापुरतेंच अरण्य उरलेलें असतें. तोड वनरक्षकाच्या डोळ्यांस दिसते. झीज मात्र त्याच्याही नजरेंतून सुटते. कारण जी वस्तु माणूस नित्य पाहतो, तिच्यांत होणारा सावकाश बदल त्याला जाणवत नाहीं. शिवाय वनरक्षकाची बदली होते, आणि त्याच्याबरोबर त्याची आठवणही दुसऱ्या गांवीं जाते. म्हणून ज्याची बदली होत नाहीं आणि जो आदल्या वर्षींचें विसरत नाहीं, अशा एका साक्षीदाराची गरज होती. तो साक्षीदार आकाशांत मिळाला.

सन १९७२ च्या २३ जुलै रोजीं अमेरिकेनें भूमीचें निरीक्षण करण्यासाठीं एक उपग्रह सोडला. त्याला पुढें लँडसॅट हें नांव मिळालें. सुमारें नऊशें किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीभोंवतीं फिरे आणि दर अठरा दिवसांनीं त्याच जागेवर परत येई. आपल्या देशांत या विद्येचा आरंभ त्याच्याही थोडा आधीं झाला होता. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनीं १९७० च्या सुमारास केरळांतील माडांचीं अवरक्त छायाचित्रें आकाशांतून घेवविलीं, आणि रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखतां येतात असें दाखवून दिलें. त्यानंतर १७ मार्च १९८८ रोजीं आय. आर. एस.-१ ए हा भारताचा उपग्रह तत्कालीन सोव्हिएत संघांतील बैकोनूर येथून अंतराळांत गेला. तेव्हांपासून आपल्या रानांचीं चित्रें आपलेच उपग्रह घेऊं लागले. या चित्रांवरून देशांतील वनांची मोजणी करण्याचें काम देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था करते. तिची स्थापना १९८१ सालीं झाली, आणि तिचा पहिला अहवाल १९८७ सालीं निघाला.

उपग्रहाचें चित्र म्हणजे घरांतल्या भिंतीवरील छायाचित्र नव्हे. तें चौकोनांनीं भरलेल्या पाटीसारखें असतें. प्रत्येक चौकोनाला एक रंग आणि एक आंकडा. त्या चौकोनाच्या पोटांत काय काय आहे, तें वेगवेगळें दिसत नाहीं. तेव्हां उपग्रहाची नजर किती बारीक, हें त्याचा चौकोन केवढा यावरून ठरतें. शेतकऱ्याला हा हिशेब गुंठ्यांत समजेल. पहिल्या लँडसॅटचा चौकोन सुमारें ८० मीटर लांबीरुंदीचा होता. म्हणजे दीड एकराहून अधिक जमीन त्याच्या लेखीं एकच ठिपका. सबंध मयूरेश्वर अभयारण्य त्याला अवघ्या आठशें ठिपक्यांत दिसलें असतें. वन सर्वेक्षणानें पुढें जें भारतीय उपकरण वापरलें, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे साडेपांच गुंठ्यांचा. आणि युरोपीय देशांनीं २०१५ व २०१७ या वर्षीं सोडलेल्या सेंटिनेल-२ या जोडीचा चौकोन दहा मीटरांचा, म्हणजे जवळ जवळ बरोबर एक गुंठा. ही जोडी मिळून दर पांच दिवसांनीं त्याच जागेचें चित्र घेई. पन्नास वर्षांत आकाशांतल्या डोळ्याची नजर दीड एकरावरून एका गुंठ्यावर आली, आणि मयूरेश्वराचे आठशें ठिपके एक्कावन हजारांवर गेले.

आतां हा डोळा पाहतो काय? हिरवें पान सूर्याच्या तांबड्या किरणांवर आपलें पोट भरतें. म्हणून तांबडा प्रकाश तें बव्हंशीं गिळून टाकतें. परंतु तांबड्याच्या पलीकडील जे अवरक्त किरण माणसाच्या डोळ्यांस दिसत नाहींत, ते पानाच्या उपयोगाचे नसतात. ते तें मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. उपग्रह हे दोन्ही किरण वेगवेगळे मोजतो. समजा, एखाद्या हिरव्या झाडीनें अवरक्ताचे शंभरांपैकीं ५० भाग परत पाठविले आणि तांबड्याचे १०. वजाबाकी ४०, बेरीज ६०. चाळिसाला साठानें भागलें असतां भागाकार सुमारें ०.६७ येतो. आतां वाळलेलें गवत घ्यावें. त्यानें अवरक्ताचे ३० आणि तांबड्याचे २० भाग परत पाठविले असें धरलें, तर दहाला पन्नासानें भागून ०.२ उरतो. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. रीत मात्र हीच. या भागाकाराला वनस्पति-निर्देशांक म्हणतात. तो एकाच्या जितका जवळ, तितकी जमीन हिरवी. दरवर्षींचे निर्देशांक एकापुढें एक मांडले, म्हणजे कोठें झाडी वाढली आणि कोठें विरळ झाली तें दिसूं लागतें. मराठी चौथींतल्या मुलालाही करतां येईल अशा या गणितावर आज देशोदेशींच्या अभयारण्यांची राखण चालली आहे.

याचे लाभ उघड आहेत. रानाला आग लागली तर तिची उष्णता उपग्रहास जाणवते, आणि २००४ सालापासून वन सर्वेक्षण अशा आगींची सूचना राज्यांच्या वनखात्यांस देत आलें आहे. भीमाशंकरसारख्या सह्याद्रीच्या माथ्यावरील अरण्यावर पावसाळ्याचे चार महिने ढगांचें आच्छादन असतें, आणि साध्या उपग्रहाला त्या दिवसांत ढगांच्या पाठीशिवाय कांहीं दिसत नाहीं. त्यासाठीं ढग भेदून जाणाऱ्या रडारचे उपग्रह निघाले. भारताचा रिसॅट-१ हा २०१२ सालीं गेला, आणि भारत व अमेरिका यांनीं मिळून तयार केलेला निसार हा ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोटा येथून सोडण्यांत आला. पूर्वीं जें काम मोजणीदारांच्या टोळ्यांनीं वर्षानुवर्षें केलें असतें, तें आतां एका खोलींत बसून कांहीं दिवसांत होतें.

तथापि साक्षीदार खरा असला, म्हणून त्याच्या साक्षीचा अर्थ आपोआप कळतो असें नाहीं. याचें एक उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनें उपग्रहांच्या चित्रांवरून असें काढलें कीं, १९७२ ते १९७५ या काळांत देशाच्या भूमीपैकीं सुमारें १६.९ टक्के भागावर वन होतें, आणि १९८० ते १९८२ च्या सुमारास तें १४.१ टक्क्यांवर आलें. त्यानंतर वन सर्वेक्षणाचा १९८७ चा अहवाल निघाला. त्यानें जवळ जवळ त्याच वर्षांच्या चित्रांवरून हा आंकडा साडेएकोणीस टक्के दिला. आकाश तेंच, भूमि तीच. मग पांच टक्क्यांचा फरक कोठून आला? विरळ झाडीला वन म्हणावें कीं म्हणूं नये, या प्रश्नाचें उत्तर दोघांनीं वेगवेगळें दिलें होतें. पुढें दोन्ही संस्थांनीं विचारविनिमय करून आंकडे जुळते केले. चित्र यंत्र काढतें. परंतु चित्रांतल्या कोणत्या ठिपक्याला काय नांव द्यावें, हें माणूस ठरवितो.

आजची व्याख्या अशी आहे: एक हेक्टर किंवा त्याहून अधिक जमीन, आणि तिच्यावर झाडांच्या माथ्यांची सावली निदान दहा टक्के. जमीन कोणाची, झाडें कोणतीं, हें पाहावयाचें नाहीं. फळझाडांची बागही त्यांत येते. दहा ते चाळीस टक्के सावली असल्यास तें विरळ वन, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, सत्तरांच्या वर अति दाट. येथें झिजेला लपावयास दोन जागा मिळतात. एखाद्या अभयारण्यांत सावली ६९ टक्के होती ती झिजत झिजत ४१ वर आली, तरी कोष्टकांत तें अरण्य पूर्वींप्रमाणेंच मध्यम दाट राहतें. मोठी हानि होऊनही आंकडा हलत नाहीं. ही पहिली जागा. दुसरी जागा आपल्या बारामती-इंदापूरच्या दाराशींच आहे.

हा मुलूख पर्जन्यछायेंतला. वर्षाकांठीं सरासरी वीस इंचांच्या आसपास पाऊस. इतक्या पावसांत निसर्गानें येथें दाट झाडी निर्माण केली नाहीं. गवत निर्माण केलें. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा या गवतांचा माळ, आणि त्यांत तुरळक हिवर, बोर, बाभूळ. ही कोणा अरण्याची पडझड नव्हे. हेंच येथील मूळचें आणि पूर्ण झालेलें रूप आहे. चिंकाऱ्याला दूरवर दिसावें लागतें, लांडग्याला पळावयास मोकळी जागा लागते, माळढोकाला तर झाडीचें वावडेंच. परंतु झाडाच्या सावलीनें मोजणाऱ्या कोष्टकांत या माळाला स्थान नाहीं. सन २००० मध्यें देशांतील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह उपग्रहांच्या चित्रांवरून तयार झाला, त्यांत अशा माळांचा फार मोठा भाग पडीक म्हणून रंगविला गेला. ज्या जमिनीवर सारा बसत नाहीं ती निरुपयोगी, ही इंग्रजी अमदानींतल्या महसुली दप्तराची समजूत अशा रीतीनें अंतराळांत जाऊन परत आली.

याचा परिणाम केवळ नांवापुरता राहत नाहीं. जागा पडीक ठरली कीं ती सुधारण्याची इच्छा होते. कोणी तेथें ग्लिरिसिडिया लावतो, कोणी सुबाभूळ, कोणी निलगिरी. वेडी बाभूळ तर लावावीही लागत नाहीं. एकदां शिरली कीं शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांतून तिचें बीं सर्वत्र पसरतें. मग वरून पाहणाऱ्या उपग्रहाला काय दिसतें? निर्देशांक वाढला. जमीन हिरवी झाली. कोष्टकांत शून्य होतें तेथें विरळ वन आलें. प्रत्यक्षांत मात्र गवत मेलें, चिंकारा निघून गेला, आणि माळाचें अरण्य म्हणून जें कांहीं होतें तें संपलें. डोंगरांतल्या अरण्याची झीज चित्रांत उजाडपणाच्या रूपानें दिसते. माळाची झीज हिरवेपणाच्या रूपानें दिसते. हें ज्याला ठाऊक नाहीं, तो हानीलाच लाभ समजून त्याचा अहवाल लिहील.

सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत जें अभयारण्य जाहीर झालें, त्याचें क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. त्यांत शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी, गांवें, रस्ते, सर्व कांहीं आलें होतें. पुढें उजनीचें पाणी आलें, ज्वारीच्या जागीं ऊंस उभा राहिला, माळ तुकड्यातुकड्यांनीं नांगरले गेले. अखेर अभयारण्याची सीमा आंखडून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावी लागली. या सर्व काळांत आकाशांतून पाहणाऱ्यास तो प्रदेश अधिकाधिक हिरवाच दिसत असला पाहिजे. आणि याच काळांत माळढोक तेथून जवळ जवळ दिसेनासा झाला.

तर मग उपग्रहाचा माळाला कांहींच उपयोग नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. फक्त त्याला प्रश्न योग्य वेळीं विचारला पाहिजे. वन सर्वेक्षणाचीं चित्रें बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतलीं असतात. कारण तेव्हां आकाश स्वच्छ असतें आणि पानझडीच्या झाडांवर पानें असतात. डोंगरांतल्या अरण्याला हा काळ योग्य. परंतु माळाला एक दिवस पुरत नाहीं. त्याला सबंध वर्ष पाहावें लागतें. गवताचें वर्ष ठरलेलें आहे. आषाढांत तें उगवतें, भाद्रपदांत पूर्ण भरांत येतें, दिवाळीनंतर पिवळें पडतें, आणि होळीपर्यंत त्याची केवळ काडी उरते. निर्देशांकाची बारा महिन्यांची रेघ काढली, तर निरोगी माळाची रेघ पावसाळ्यांत टेंकडीसारखी चढते आणि उन्हाळ्यांत तळाला जाते. वेड्या बाभळीचें तसें नाहीं. तिचीं मुळें खोल. ती वैशाखांतही हिरवी राहते, आणि तिची रेघ तळाला जात नाहीं. ऊंसही उन्हाळ्यांत हिरवा असतो. पण त्याला बांधांचे सरळ कांठ असतात आणि तोडणीच्या वेळीं त्याची रेघ एकदम कोसळते. म्हणजे एकाच जागेचीं भाद्रपदांतलीं आणि वैशाखांतलीं अशीं दोन चित्रें शेजारीं ठेवावीं. दोन्हींत जी जागा हिरवी, आणि जेथें शेत नाहीं, तेथें माळ आजारी आहे असा संशय घ्यावा. दहा वर्षांचीं वैशाखचित्रें लावलीं, तर तो आजार कोणत्या बाजूनें आला आणि दरवर्षीं किती गुंठे पुढें सरकला, हेंही सांगतां येईल.

संशय तेवढा चित्रावरून घेतां येतो. निर्णयासाठीं पायांनींच जावें लागतें. उपग्रह पंचनामा करीत नाहीं. चित्रांतला ठिपका आणि जमिनीवरची वस्तु यांची गांठ घालून देणारा माणूस असल्यावांचून ही सर्व विद्या अपुरी आहे. तो माणूस मोठ्या पदवीचाच असला पाहिजे असें नाहीं. बारामतीच्या जळोचीचा विचार करावा. शहर वाढत वाढत या गांवाला येऊन भिडलें. कालवा, कारखाने, बाजार यांनीं चहूंकडील माळ दिवसेंदिवस आंखडत गेला. कल्पना करावी कीं, तेथील एका म्हाताऱ्या धनगराचा महाविद्यालयांत शिकणारा नातू सुट्टींत घरीं आला आहे, आणि एका दूरच्या माळाचें वैशाखांतलें चित्र आजोबांस दाखवीत आहे. सगळा माळ तांबूस-पिवळा. मध्यें एक गर्द हिरवा डाग.

"आबा, सगळा माळ करपलाय, पण हा तुकडा बघा कसा हिरवागार झालाय!" नातू म्हणतो.

म्हातारा बराच वेळ त्या डागाकडे पाहतो. नदी कोठली, वाट कोठली, तें विचारून घेतो. मग म्हणतो, "तिथं झरा न्हाई, हीर न्हाई, मग वैशाखात हिरवं कशानं? ती येडी बाभळ हाय, पोरा. तिच्या बुडाला गवताची काडी उगवत न्हाई. वाडा घेऊन कोकणात उतरायच्या आदी आम्ही तिथं मेंढरं चारायचो, तवा पवन्या गुडघ्याला लागायचा."

या एका वाक्यांत जें ज्ञान आहे, तें कोणत्याही उपग्रहाच्या पोटांत नाहीं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीं त्या जागीं कोणतें गवत होतें, किती उंच होतें, आणि कोणत्या महिन्यांत होतें, हें सांगणारा दुसरा दाखला बहुधा उरलेलाच नाहीं. उलटपक्षीं, दिवाळीनंतर वाडे कोंकणाकडे निघून गेल्यावर माळावर काय घडतें, हें त्या म्हाताऱ्यासही दिसत नव्हतें. तें उपग्रह पाहत होता. दोघांपाशीं अर्धी अर्धी साक्ष आहे. नातवानें ती एके ठिकाणीं लिहून काढली, तर ती पुरी होते.

अभयारण्याच्या राखणीचें पुढील काम या जोडणीचेंच आहे. मयूरेश्वराच्या सव्वापांच चौरस किलोमीटरांच्या आंत सर्व चिंकारे आणि सर्व लांडगे मावणारे नाहींत. ते सीमेबाहेरच्या गायरानांवर, पडक्या शेतांवर आणि माळांवर जगतात. त्या जमिनी गेल्या, तर आंतलें अभयारण्य चित्रांत कितीही सुरक्षित दिसलें तरी बेटासारखें एकाकी होईल. सेंटिनेल आणि लँडसॅट यांचीं चित्रें आज कोणासही विनामूल्य पाहतां येतात. तालुक्याच्या महाविद्यालयानें आपल्या तालुक्यांतील माळांचीं दरवर्षींचीं भाद्रपदचित्रें आणि वैशाखचित्रें जमवावीं; गांवच्या शाळेनें मुलांना घेऊन संशयाच्या जागीं जावें, गवतांचीं नांवें वृद्धांस विचारून तीं वहींत उतरून घ्यावीं; आणि वनखात्यानें ती वही आपल्या कोष्टकाच्या शेजारीं ठेवावी. यास फारसा पैसा लागत नाहीं. लागते ती घाई. कारण चित्रें साठविलेलीं आहेत, तीं आणखी पन्नास वर्षांनींही पाहतां येतील. परंतु पवन्या आणि मारवेल ओळखणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.